जा, जिंकून ये

आमच्या सोसायटीतले परबकाका हातातून सुटणाऱ्या प्रत्येक वस्तूला निरोप देतात. रिकामा गॅस सिलिंडर, इस्त्रीचे कपडे, विजेच्या बिलाचा चेक, काहीही असो. दाराबाहेर जाताना त्यावर एकदा अंगठा दाबायचा आणि गंभीरपणे म्हणायचं, "जा, जिंकून ये." एकदा तपासणीसाठी न्यायची बाटली त्यांनी लॅबच्या माणसाकडे अशीच सोपवली. तो बिचारा जिना उतरताना सारखा मागे वळून बघत होता.

ही सवय कंपनीची. मुलुंडला मेन रोडवर 'चंद्रहास' नावाचा रॅकेटचा कारखाना होता, त्यात काका डिस्पॅचला होते. त्या कारखान्याचा इतिहास आमच्या सोसायटीत लहान मुलांनाही पाठ आहे, कारण काका तो बारशापासून तेराव्यापर्यंत कुठेही सुरू करू शकतात. मूळ शेठ जिमखान्यातल्या साहेबलोकांच्या रॅकेटी दुरुस्त करायचे. मग त्यांनी शेड टाकली, तुतीच्या लाकडाच्या पट्ट्या वाफेवर वाकवायला माणसं ठेवली, जाळी विणायला तांत आणली, आणि मुठीवर चामड्याची पट्टी गुंडाळायला बायकांचं खातं काढलं. रॅकेट सगळ्यात शेवटी त्या बायकांच्या हातून जायची. पट्टीचं टोक अंगठ्याने दाबलं की प्रत्येकीने म्हणायचं, "जा, जिंकून ये." हा शेठचा नियम. न म्हणता पुढे ढकललेली रॅकेट काका पेटीत भरत नसत. परत पाठवत.

जगाची कालगणनाही काका चंद्रहासवरून करतात. लाकडाचा काळ, स्टीलच्या दांडीचा काळ, अ‍ॅल्युमिनियमचा काळ. "तू स्टीलच्या दांडीतला ना रे?" असं ते मला विचारतात, म्हणजे माझ्या जन्माबद्दल. सेक्रेटरी ठक्करभाई लाकडातले. माझी मुलगी ग्राफाइटच्या काळात जन्मली हे ऐकून त्यांनी नुसती मान हलवली होती. बाहेरून ग्राफाइटचा माल आला आणि कंपनीची वाट लागली, म्हणून त्या काळातल्या माणसांविषयी ते फारसं बोलत नाहीत.

कारखान्याच्या जागी आता काचेचा टॉवर आहे. काका फिरायला गेले की त्याच्या गेटपाशी थांबतात आणि वॉचमनला सांगतात, "तू उभा आहेस ना, तिथे वाफेची भट्टी होती. जरा सरक, चटका बसेल." वॉचमन आता सवयीने सरकतो.

गेल्या वर्षापासून त्यांना एक नवीन खोड लागली. संध्याकाळी कंपाउंडमध्ये आमचं बॅडमिंटन चालतं. काका येत, कुणाचीही रॅकेट हातात घेत, मूठ दाबत आणि निकाल देत, "ग्रिप सैल आहे. दे, बसवून देतो." पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. पण रॅकेट परत यायची नाही. विचारलं तर म्हणत, "काम चालू आहे. चंद्रहासमध्ये घाई नव्हती कधी."

गणपतीतली स्पर्धा चार दिवसांवर आली तेव्हा सोसायटीच्या निम्म्या रॅकेटी परबांच्या घरात होत्या. ठक्करभाई वैतागले. "दुकान काढलंय काय यांनी? तू जा ना यार, तुझ्याशी बोलतात ते. सगळ्या घेऊन ये."

रविवारी सकाळी मी बेल वाजवली. काकांनी दार अर्धवट उघडलं, मला बघून जरा घुटमळले, मग बाजूला झाले. खिडकीशी काकू बसल्या होत्या. त्यांचे गुडघे गेलेत, म्हणून खाली येत नाहीत, असं आम्हाला माहीत होतं. त्यांच्या मांडीवर माझी रॅकेट होती. डाव्या हाताने मूठ फिरवत, उजव्या हाताने पट्टी ताणत त्या वेढे घालत होत्या, एकावर एक, सगळे सारखे. मी हाक मारली. त्यांनी वर बघितलं, ओळखीचं काही चेहऱ्यावर आलं नाही, आणि त्या पुन्हा कामाला लागल्या.

"गुडघे ठीक आहेत रे तिचे," काका हळू आवाजात म्हणाले. "बाकीचं गेलं. मला पण ओळखत नाही. पट्टीखात्यात होती ना, तेच तेवढं राहिलं. हातात काम नसलं की दाराकडे धावते, कंपनीला उशीर झाला म्हणते. रडते."

"मग एखादी रॅकेट ठेवून बाकीच्या..."

"एक देऊन बघितली. गुंडाळून झाली की मी सोडवायचो, सकाळी पुन्हा द्यायचो. दुसऱ्या दिवशी म्हणते, 'ही काल झाली मां?' माणसं ओळखत नाही, रॅकेट ओळखते."

तेवढ्यात काकूंनी काकांकडे बघून विचारलं, "परबानूं, तुमचा लगीन झाला काय?"

"नाय अजून," काका म्हणाले.

काकू खाली बघून हसल्या आणि पुढचा वेढा घातला.

"आधी झालंय म्हणून सांगायचो," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "तर दिवसभर जेवायची नाही."

मी न्यायला आलो होतो ते त्यांना कळलंच होतं. त्यांनी पिशवी काढली आणि गुपचूप एकेक रॅकेट भरली. शेवटची काकूंच्या हातात होती. त्यांनी पट्टीचं टोक अंगठ्याने दाबलं, रॅकेट समोर धरली आणि म्हणाल्या, "जा, जिंकून ये." काकांनी ती डिस्पॅचच्या माणसासारखी उलटून पाहिली आणि मगच माझ्याकडे दिली.

स्पर्धा झाली. सगळे म्हणत होते, ग्रिप काय झकास बसलीय. मी पहिल्याच फेरीत हरलो. इतरांचे सामने बघताना मात्र माझं लक्ष सारखं परबांच्या खिडकीकडे जात होतं. तिथे काका उभे होते आणि त्यांच्यामागे कुणीतरी दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होतं.

लिफ्टमध्ये मी नखाने पट्टीचं टोक उचकटलं. इतकी पक्की बसली होती की जोर लावावा लागला. मग मुठीवरची सगळी सोडवली, खिशातली दुसऱ्या रंगाची पट्टी काढली आणि परबांची बेल वाजवली.

"काका, ग्रिप सैल झालीय."

त्यांनी रॅकेट आणि पट्टी घेतली. मुठीला पट्टीच नव्हती, तरी त्यांनी ती नेहमीसारखी दाबून बघितली. बराच वेळ दाबत राहिले.

"सैलच आहे," ते म्हणाले आणि आत वळून त्यांनी हाक मारली, "गो, काम इला."

आतल्या येरझाऱ्या थांबल्या.