हीटरच्या पंख्याची चौकशी

टिंग! बाळाचा नुकताच डोळा लागलेला, घर कसं चिडीचूप, आणि सासऱ्यांनी गाडीची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. म्हणाले, आजपासून मी गाडी चालवायची नाही. हात लावीन तिथं काहीतरी मोडून ठेवतो.

सुनेनं मान डोलावली. गाडीचा हीटर बंद पडला तेव्हा 'बाबा बटणं पिळतात, त्यांनीच पंख्याची मोटर जाळली' हा निकाल तिनंच भरल्या ताटावर दिला होता. वर, मोटर बदलणं म्हणजे बाळाचे कपडे बदलण्याइतकं सोपं, हेही ठणकावून सांगितलं होतं. नवरा बाहेरगावी आणि उद्या सकाळी गारठ्यात बाळाला डॉक्टरकडे न्यायचं. आता करून दाखवणं भाग होतं.

नवी मोटर सासऱ्यांनीच आणली होती. असली जुनी गाडी कोण ठेवतं, असं दुकानादुकानात ऐकून घेत, गुडघे धरत, दिवसभर हिंडून.

ती डोकं आत, पाय दाराबाहेर अशी पुढच्या सीटसमोर, डॅशबोर्डखालच्या अंधारात शिरली. थोरली लेक वाटी घेऊन स्क्रू सांभाळायला बसली. शेजारीण नुसते पाय बघून थबकली आणि कुणाला बोलावू का, असं काळजीनं विचारून गेली.

आधी तपासणी. तिनं बॅटरीपासून दोन वायरी थेट मोटरीला टेकवल्या. मोटर नुसती कण्हली, पंखा जागचा हलेना.

"मेली," तिनं आतूनच जाहीर केलं.

टॉर्च धरून उभे असलेले सासरे हळूच म्हणाले, "चुकलं गं माझं. सॉरी."

स्क्रू सुटले आणि पंख्यासकट मोटर तिच्या छातीवर आदळली. पंख्याला गच्च गुंडाळलं होतं बाळाचं पिवळं झबलं. मागच्या आठवड्यात पायाशी गार झोत लागतो म्हणून तिथल्या भोकात तिनंच ते कोंबलं होतं! तिनं ते ओढून काढलं, वायरी पुन्हा टेकवल्या, तर मेलेली मोटर भिंगरीसारखी गरगरली.

"काय झालं गं?"

"काही नाही बाबा. जीव जाताना धडपडतेय."

सासऱ्यांनी विश्वास ठेवला, हेच वाईट. झबलं खिशात गेलं, जुनी मोटर पिशवीत, नवी जागेवर. हीटर सुरू झाला, गाडी उबदार झाली. सासऱ्यांनी लगेच मुलाला फोन लावला, मग शेजारणीला हाक मारली: मी बिघडवलं ते सुनेनं निस्तरलं. दर कौतुकाला तिचे कान हीटरपेक्षा जास्त तापत गेले. तिनं त्यांना म्हटलं, बाबा, एक चक्कर तुम्हीच मारा ना. ते नको नको म्हणत मागच्या सीटवर अंग चोरून बसले.

लेक पुढं तिच्या मांडीवर चढली. आईच्या खिशातून डोकावणारं पिवळं टोक तिनं ओढलं, अख्खं झबलं बाहेर आलं, आणि आजोबाही काय आहे ते बघायला पुढं वाकले.

"आई, पंख्यातून निघालेलं हे झबलं तर तूच कोंबलं होतंस ना? मग सॉरी आजोबांनी का म्हटलं?"