सगुणाबाईंच्या तांबड्या पाण्याची बखर

श्री. ज्याचे कृपेने गढूळ ते निवळते आणि निवळले ते टिकते, त्या गजाननाचे चरणी मस्तक ठेवून लेखनास आरंभ केला. धाकट्या महाराजांनी पुसिले की, विद्याकोठीच्या देवळीत तांबड्या पाण्याची वीतभर बरणी आहे, तीस दर दसऱ्यास मीठमोहरीने दृष्ट काढितात, आणि मीठ चुलीत टाकावयाचे ते चिमूटभर बरणीतच टाकितात, हा उफराटा रिवाज कोणी घातला? ज्यास पुसावे तो ‘पूर्वापार आहे’ म्हणोन हात झटकितो. सबब ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याने लिहावे ऐसा हुकूम जाहला. आम्ही त्या काळी कोठीत काचसामान राखीत होतो. आमचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, फुटल्या भांड्यांच्या यादीत ते पुष्कळ वेळा आले आहे.

थोरल्या महाराजांचे अमदानीत, पंडित जेथे प्रयोग करीत त्या कोठीत, रायाजी नामे काचकार होता. फुंकणीच्या एका श्वासात कुपी काढी, आणि तोंडावर हसू तसेच राही. तो तापाने तीन दिवसांत गेला. मागे बायको सगुणाबाई, वय बावीस, पोटी मूल नाही, आणि रायाजीची आई ठकूबाई. दोघींस तिसरे कोणी नव्हते. महाराजांनी कृपाळू होऊन दोघींस कोठीत कुप्या धुवावयाचे काम दिधले. ठकूबाई धुवीत आणि सगुणाबाई धुता धुता पाहत. पाहता पाहता त्यांचे मनी प्रश्न उपजला की, वाळू घोळली तर घटकेत तळाला बसते, मग नदीचे गढूळ पाणी आठ आठ दिवस का बसत नाही? शाई का बसत नाही? दूध का बसत नाही? मग त्या पंडितांच्या टाकल्या चिठ्ठ्या वाचू लागल्या, आणि न समजे ते निलाजरेपणे पुसू लागल्या. ऐसी आठ वर्षे गेली आणि एक कोपरा व एक शेगडी त्यांस मिळाली.

कोठीचे मुख्य भैरवशास्त्री मोठे विद्वान, परंतु आपले म्हणणे त्यांस फार आवडे. त्यांचे मत ऐसे की, कण म्हटला की बुडेल, न बुडेल तो कणच नव्हे. सगुणाबाईंचे मत ऐसे की, कण फार बारीक जाहला म्हणजे एकमेकांवर रुसल्यासारखा दूर दूर राहतो, जवळ येत नाही, म्हणोन जड होत नाही आणि बुडत नाही. शास्त्रीबुवा हसले आणि म्हणाले, “बाई, रुसवेफुगवे तुमच्या स्वयंपाकघरात. इथे प्रमाण लागते.” बाई उठोन आपल्या कोपऱ्यात गेल्या. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक रायाजीच्या क्रियेस गेली होती आणि एक उरली होती. ती त्यांनी पेटीतून काढिली, नवसागर घातलेल्या तेजाबात विरविली, पुष्कळ पाण्यात घालून उकळली आणि लिंबाचा रस थेंब थेंब सोडिला. पाणी आधी फिके जाहले, मग काळवंडले, आणि मग पाहता पाहता लाल जाहले. ठकूबाई चुलीपाशी बसल्या होत्या, त्या उठोन आल्या. मग म्हणाल्या, “कुंकू पुसलं तुझं, तेव्हा वाटलं होतं, हा रंग काही आता आपल्या घरात दिसायचा नाही.” सगुणाबाई म्हणाल्या, “सोनंच आहे हे, आत्याबाई. बारीक झालंय इतकंच.” त्या दिवशी दोघी जेवल्या नाहीत, नुसत्या बरणीपाशी बसल्या.

हे वर्तमान शास्त्रीबुवांस कळले. त्यांनी हुजुरात अर्ज केला की, हा जास्वंदीचा अर्क आहे, सोने पाण्यात तरंगते हे सांगणे म्हणजे कोठीचे हसे आहे. महाराजांनी दोन्ही बाजू ऐकून ठराव केला की, दसऱ्याचे दरबारी बरणी आणावी. रंग सोन्याचा ठरला तर बाईंस कोठीत स्वतंत्र दालन द्यावे, न ठरला तर सासूसुनांनी कोठी सोडावी. आता कोठी सोडावी तर जावे कोठे? माहेरी कोणी नाही, सासर म्हणजे ती एक म्हातारी. सगुणाबाईंस अन्न गोड लागेना, आणि ठकूबाई देवास नवस बोलू लागल्या.

शके सोळाशें ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमीस सकाळी सगुणाबाई स्नानास गेल्या आणि ठकूबाईंचे मनी आले की, इतकी देखणी वस्तू चारचौघांत जाते, हिला नजर लागेल. माया वेडी असते. त्यांनी मुठीत मीठमोहरी घेतली, बरणीचे फडके सारिले आणि दृष्ट काढू लागल्या. साठीपुढचा हात, वर सुनेची काळजी, मूठ सैल झाली आणि चार खडे आत पडले. त्यांस कळलेही नाही. फडके बांधोन त्यांनी उरले मीठ चुलीत टाकिले आणि ते तडतडले तेव्हा समाधान पावल्या.

मग दरबार भरला, मानकरी बसले, बरणी महाराजांपुढे ठेविली आणि सगुणाबाईंनी फडके सोडिले. पाणी निळे! तांबडेपणाचा मागमूस नाही, आणि तळास काळसर गाळ धरू लागलेला. दरबारात कुजबूज उठली. आम्ही खांबाशी ठकूबाईंचे शेजारी होतो, त्यांनी आमचा हात घट्ट धरिला. सगुणाबाई बरणीवर वाकल्या आणि त्यांस तळाशी एक मोहरीचा दाणा दिसला. त्यांनी मान वर करून खांबाकडे पाहिले. म्हातारीचा चेहरा पांढरा पडला होता. भैरवशास्त्री म्हणाले, “रंग उडाला, महाराज. अर्क होता तो विटला. यात आणखी काही पडले असेल, तर कोणी टाकले ते बाईंनी सांगावे.” वास्तविक ‘सासूच्या हातून पडले’ इतके बोलत्या तर मुदत मिळती. परंतु कोठीत दुसऱ्याच्या पाण्यात काही पाडील त्यास पुन्हा पाऊल टाकू देऊ नये, ऐसा शास्त्रीबुवांचाच दंडक होता. सगुणाबाई म्हणाल्या, “मीठ मी टाकले.” शास्त्रीबुवांनी पुसिले, “ते कशास?”

बाई बरणीच्या तळाकडे पाहू लागल्या. आम्हांस वाटले, संपले. मग त्या सावकाश म्हणाल्या, “अर्कात मीठ पडले तर अर्क खारट होतो, तळाला बसत नाही. हे बसते आहे. मिठाने त्यांचा रुसवा निघाला, एकमेकांस बिलगले, जड झाले. महाराजांनी सोनाराला बोलवावे.” मग सोनार आला, आणि दुपारपर्यंत थांबोन गाळ तळास बसू दिला, वरचे पाणी निथळले, गाळ मुशीत घातला, टाकणखार टाकून भाता मारिला. मूस ओतली तो पिवळाधमक मणी निघाला, कसोटीवर कस लागला, आणि वाटीच्या वजनास गुंजभर उणा भरला. भैरवशास्त्र्यांनी मणी हाती घेतला, उलटसुलट पाहिला आणि खाली ठेविला. एवढे खरे लिहिले पाहिजे की, ते विद्वान होते. त्यांनी आपला शेला काढून बाईंपुढे ठेविला आणि म्हणाले, “कण न बुडता राहू शकतो. आम्ही चुकलो.”

महाराजांनी मणी बाईंस परत दिधला आणि दालन दिधले. घरी जाताना ठकूबाई वाटेत थांबल्या आणि म्हणाल्या, “मीठ माझ्या हातचं होतं गं.” सगुणाबाई म्हणाल्या, “सोनं सापडलं ना, आत्याबाई? चला, भूक लागलीये मला.” मग हा विषय दोघींत कधी निघाला नाही. परंतु त्या दिवसापासून ठकूबाई दालनात शिरताना तीनदा हात धुवीत आणि बरणीपासून चार हात दूर बसत. त्यांनी पुन्हा कशाचीच दृष्ट काढिली नाही, शेजारच्या तान्ह्या पोरांचीही नाही.

पुढे सगुणाबाईंनी नदीच्या पाण्यास तुरटी किती लागते याचे माप बसविले. तुरटी तर घरोघरी फिरवितात, परंतु कमी पडली तर पाणी निवळत नाही आणि फाजील झाली तरी फिरोन गढूळ राहते, हे कोणास ठाऊक नव्हते. त्या मापाने शहरचे हौद निवळू लागले, आणि परमुलखीचे पंडित चिठ्ठ्या पाठवू लागले. मग बाईंनी सर्वांत मोठे काम आरंभिले, ते हे की, मीठ पडले तरी न विस्कटणारे तांबडे पाणी करावे. पंडित लिहितात की, हे निखळ विद्येसाठी केले. आम्ही रोज तेथे होतो. म्हातारीने बरणीजवळ बसावे यासाठी केले.

चार वर्षे गेली. पेज घातली ती आंबली, अंडे घातले ते नासले, सरस घातला तो कुजला. एके दिवशी ठकूबाईंनी फडताळातून एक डबा आणिला. आत धावड्याचा डिंक होता, स्वच्छ, खडा न् खडा वेचलेला. रायाजीचे लग्न जाहले त्या वर्षी त्यांनी तो सुनेच्या बाळंतपणाच्या लाडवांस म्हणोन ठेविला होता. त्या म्हणाल्या, “नुसता पडून आहे. तुझ्या कामाचा असला तर बघ.” डबा कशाचा ते दोघींस ठाऊक होते आणि दोघीही ते बोलल्या नाहीत. सगुणाबाईंनी त्याच मण्याचे पुन्हा तांबडे पाणी केले, त्यात डिंक विरविला, आणि एका वाटीत थोडे घेऊन मीठ टाकिले. ते तांबडेच राहिले. डिंकाने प्रत्येक कणास अंगरखा चढविला होता. बाई डबा पोटाशी धरून रडल्या. आम्ही पाहिले, परंतु कुप्या पुसण्याचे निमित्त केले.

ठकूबाई मात्र बरणीजवळ आल्या नाहीत. म्हणत, “वाटीतलं निराळं. माझा हात नको.” त्यांची दृष्टी गेली, मग चालणे गेले. शेवटी दसऱ्याचे दिवशी त्या अंथरुणास खिळल्या असता सगुणाबाईंनी बरणी उशाशी आणिली, त्यांचे मुठीत मीठमोहरी दिधली, आपला हात त्यावर धरिला आणि दृष्ट काढविली. मग मूठ बरणीवर आणोन उघडविली. मीठ पाण्यात पडल्याचा आवाज म्हातारीने ऐकिला आणि दचकोन पुसिले, “निळं झालं?” सगुणाबाई म्हणाल्या, “तांबडंच आहे, आत्याबाई.” ठकूबाई म्हणाल्या, “माझ्यासाठी खोटं बोलशील तू. बोललीयेस मागे.” मग त्यांनी आमच्याकडे तोंड वळविले. आम्ही पुढे झालो, बरणी उजेडात धरिली आणि सांगितले की, “ठकूबाई, कुंकवासारखं आहे.” तेव्हा त्यांनी सुनेचा हात गालाशी लावला आणि तो निजेतही सोडिला नाही.

सारांश, सगुणाबाईंनी आयुष्यात खोटे एकदाच सांगितले, ते भर दरबारात. दुसऱ्या वेळचे खरे होते, त्यास आम्ही साक्ष आहो. बाई गेल्या त्यासही वीस वर्षे जाहली, आणि दसऱ्याचे मीठ आता आम्ही टाकितो. यंदाही टाकिले. पाणी तांबडे आहे. पुसले तेवढे लिहिले, लोभ असावा.