ओळखीच्या माणसाची व्याख्या

घरात काय चाललंय ते यंत्राला माणसापेक्षा चांगलं कळेल, असं इंजिनियरने ऑफिसात छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. नुसते कॅमेरे लावून काय उपयोग? यंत्राला आधी जग समजावून सांगावं लागतं. म्हणून वर्षभर खपून त्याने घटनांची ऑन्टॉलॉजी, म्हणजे व्याख्यांची जंत्री, रचली होती. माणूस कोणाला म्हणायचं, वस्तू कशाला, आणि कोणी कुठे काय केलं की त्याला पडणं, जेवण किंवा चोरी समजायचं, सगळं त्यात लिहिलेलं. प्रयोगासाठी घर मिळालं ते एकट्या राहणाऱ्या वडिलांचं.

अप्पांची एकच अट होती. "महिनाभर ठेव. एकदा जरी उगाच बोंबललं, तर उचलून न्यायचं."

यंत्र टिकलं तर प्रकल्पाला मंजुरी, नाहीतर वर्षाची मेहनत पाण्यात. पण महिना सुरळीत गेला. यंत्राने दूधवाल्याला ओळखलं, शेजारच्या काकूंना ओळखलं, खिडकीतून येणाऱ्या मांजरालाही घरचं मानलं. शेवटच्या दिवशी इंजिनियर आपल्या वरिष्ठ बाईंना घेऊन आला, लॅपटॉप त्यांच्या हाती दिला आणि स्वतःच्या किल्लीने दार उघडून रुबाबात आत शिरला.

भोंगा वाजला. मागे दार आपोआप बंद झालं.

"अनोळखी व्यक्ती घरात शिरली आहे," यंत्र म्हणालं.

भोंगा बंद करायला तो यंत्र ठेवलेल्या कपाटाकडे धावला.

"अनोळखी व्यक्ती कपाटापाशी आहे. चोरीची शक्यता."

मागच्या दाराने काकू ओला पोछा उगारून आल्या. "हलायचं नाही! पोलिसांना..." मग त्या थबकल्या. "अगंबाई, अप्पांचा मुलगा ना तू? फोटोत बारीक दिसतोस रे."

बाईंनी खिडकीतून विचारलं, "व्याख्या चुकली का हो? इथे लिहिलंय, ओळखीचा माणूस म्हणजे महिन्यातून किमान चारदा घरी येणारा."

व्याख्या त्यानेच लिहिली होती. आणि यंत्र बसवून गेला होता तो आज उगवत होता. त्याला कानकोंडं झालं. हळूच तो तारा सोडवायला लागला.

"काय करतोस?" आतल्या खोलीतून येत अप्पांनी विचारलं.

"नेतो उचलून. उगाच बोंबललं ना."

"उगाच कुठे? राहू दे ते."

त्याने सोडवलेली तार परत जागेवर खोचली. "रविवारी येऊ, अप्पा?"

"ये की," अप्पा म्हणाले. "फक्त चार वेळा भरेपर्यंत काकूंना आधी सांगून येत जा."