थेरेसाबाईंच्या घरची गाठ

शासकीय सेवेत संशय येणे ही गंभीर बाब आहे. हवालदार आत्माराम निकम यांना तो एका मंगळवारी सकाळी, पहिल्या चहाच्याही आधी आला, आणि त्यात बिचाऱ्यांची काही चूक नव्हती. साहेबांच्या टेबलाखाली पडलेलं पेन उचलायला ते वाकले, तर केराच्या टोपलीत केळीचं सुकं पान. पानाला दोरीची गाठ तशीच होती.

ही गाठ म्हणजे चौकीतला सगळ्यात मोठा पुरावा. नंदाखाल गावच्या थेरेसाबाईंच्या घरून केळीच्या पानात बांधलेल्या सुकेळ्यांच्या पुड्यांचं टोपलं चोरीला गेलं आणि विरारच्या बाजारात धवलच्या हातगाडीवर सापडलं. धवल हा एका नगरसेवकाचा भाचा. तो म्हणाला, सुकेळी माझ्या मावशीने केलीत. आता उन्हात वाळवलेल्या केळ्यावर कुणाचं नाव थोडंच असतं! पण पुडी बांधायची रीत घराघराची वेगळी. थेरेसाबाईंकडे दोरी दोनदा फिरवून शेपूट आत खुपसतात. त्यांच्या सासूची रीत ती. कोर्टात गाठ दाखवली की निकाल लागणार होता. नाही दाखवता आली, तर खोट्या फिर्यादीबद्दल बाईंनाच आत टाकतो, असं धवलच्या वकिलाने चारचौघांत सांगून ठेवलं होतं. म्हणून टोपलं मुद्देमालाच्या कपाटात. एक किल्ली आत्मारामांकडे, दुसरी साहेबांकडे.

आत्मारामांनी कपाट उघडलं. टोपलं अर्धं झालं होतं. समोरच्या भिंतीवर वरून आलेलं नवं परिपत्रक चिकटवलेलं होतं: ‘पुरावा नष्ट होत असल्याचा संशय येताच प्रत्येक कर्मचाऱ्याने तो निकटच्या वरिष्ठांस कळवावा. न कळवणारा त्या कृत्यात सामील समजला जाईल.’ निकटचे वरिष्ठ म्हणजे साहेब. धीर गोळा करता करता दुपार झाली.

“साहेब, मला संशय आलाय.”

“कशाचा?”

“मुद्देमाल कुणीतरी खातंय.”

साहेबांनी तोंडातला घास शांतपणे गिळला. “कधी आला संशय?”

“सकाळी.”

“आणि आत्ता सांगताय? परिपत्रकात ‘येताच’ लिहिलंय, निकम. म्हणजे तुम्ही सामील झालात. मला हे वर कळवावं लागेल.”

 पेन्शन आत्मारामांच्या डोळ्यांपुढे आली आणि निघून गेली. “पण साहेब, तुम्हीपण नाही कळवलंत.”

“मी काय कळवू? मला संशय कुठेय? मीच खातोय, मला खात्री आहे. परिपत्रक संशयापुरतं आहे. खात्रीबद्दल एक अक्षर असेल तर दाखवा.”

आत्मारामांनी परिपत्रक पुन्हा वाचलं. खरंच नव्हतं.

“तुमचे हाल बघवत नाहीत,” साहेब कळवळून म्हणाले. त्यांनी खणातून एक पुडी काढून पुढे केली. “घ्या. खा, म्हणजे संशय उरणार नाही.”

आत्मारामांनी खाल्लं. आणि काय सांगावं, फार गोड लागलं. संशय पार मिटला. मग ज्याला ज्याला संशय येईल त्याच्यावर हाच इलाज होऊ लागला. रायटरला आला, जीपच्या ड्रायव्हरला आला. पंचांना तर रोज संध्याकाळी यायचा. तारखेच्या आदल्या दिवशी चौकीत कुणालाही कसलाही संशय नव्हता आणि टोपलं रिकामं होतं.

बाजारातून सुकेळी आणली. पानं, दोरी सगळं जमलं. बांधायला आत्माराम बसले. साताऱ्याकडच्या माणसाला नंदाखालची गाठ कुठून येणार? हाताला सवय फायली बांधायची. तीच गाठ पडली.

कोर्टात थेरेसाबाईंनी पुडी उलटीपालटी करून पाहिली. मग आत्मारामांकडे पाहिलं. “ही माझी नाय,” त्या म्हणाल्या. धवलही म्हणाला, माझी नाही; आयुष्यात पहिल्यांदाच तो खरं बोलत होता. मालाला मालक नाही, सबब माल सरकारजमा. टोपलं परत त्याच कपाटात गेलं आणि खोट्या फिर्यादीची नोटीस थेरेसाबाईंच्या हातात पडली.

बाहेर पायरीवर बाईंनी आत्मारामांना गाठलं. आवाज चढवला नाही, डोळे मात्र भरले होते. “हवालदार, देवाला स्मरून सांगा. माझी सुकेळी कोणी खाल्ली, तुम्हाला कोणाचा संशय हाय काय?”

“नाही हो बाई,” आत्माराम म्हणाले. “देवाशपथ, संशय अजिबात नाही.”

आत्मारामांना नावं ठेवताय? जरूर ठेवा. पण टोपलीतलं पान दिसलं तेव्हाच तुम्हालाही साहेबांचा संशय आला होता. कुणाला कळवलंत? उलट मिटक्या मारत इथपर्यंत आलात. गोड लागलं ना?