बँकॉकमध्ये कुठे बसावं

बँकॉकमध्ये कुठे खावं असं टिपणीसकाकांना विचारलं, की ते टेबलांची मापं सांगायला लागत.

"गोदीच्या फाटकासमोरची गल्ली. तिथे एका म्हातारीची गाडी आहे. टेबल हे एवढं," हात दीड फुटावर धरून ते म्हणत, "पत्र्याचं. फर्स्ट क्लास!"

"पण मिळतं काय तिथे?"

"मिळेल काहीतरी. शेवयांचं सूप असेल. तू टेबल बघ, टेबल!"

नदीकाठचं एक नावाजलेलं हॉटेल त्यांनी कायमचं नापास केलं होतं. टेबल रुंद, म्हणून.

काका कॅनडात, हॅलिफॅक्सला आमच्याच इमारतीत, तीन मजले वर, मुलाकडे राहत. त्याआधी अकरा वर्षं ते बँकॉकच्या गोदीत जहाजं दुरुस्त करत होते. निवृत्त झाल्यावर मुलाने थेट इकडेच आणलं, त्याला आता सहा वर्षं झाली होती. इथल्या एकाही हॉटेलाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. बँकॉकवरून कोणी नुसतं विमान बदलणार असलं, तरी त्याच्या हातात ते खाण्याच्या जागांची यादी ठेवत.

एरवी सगळं खाणारे काका श्रावण मात्र कडक पाळत. तिकडे शाकाहारी दुकानावर पिवळी पाटी असते आणि तिच्यावर लाल रंगात इंग्रजी सतरासारखं दिसणारं अक्षर. "पहिला महिनाभर मी समजत होतो, ही सगळी सतरा नंबरची दुकानं! मग कोणीतरी सांगितलं, ते 'जे' आहे. म्हटलं, वा! आपलंच 'जेव', फक्त अर्ध्यावर सोडलेलं."

घरच्या जेवणाविषयी विचारलं, तर म्हणत, "आमच्या किचनमध्ये आयलंड आहे ना. मी त्या बेटावर राहतो." त्या मधल्या ओट्याच्या एकाच बाजूला तीन उंच स्टुलं, तोंडं भिंतीकडे. सून हॉस्पिटलात शिफ्टवर, मुलगा मीटिंगमध्ये. नातीला हाक मारली तर खोलीतून उत्तर, "आजोबा, आय ऑलरेडी एट!"

त्या वर्षी मार्चमध्ये वृंदा, माझी बायको, गेली. लोक आले, 'सावर स्वतःला' म्हणाले, डबे ठेवून गेले. ते डबे मी सिंकपाशी उभा राहून संपवले. नंतर नुसता टोस्ट, तोही तिथेच. ऑक्टोबरमध्ये बँकॉकला ग्रंथपालांची कॉन्फरन्स होती. मी नकाराची मेल लिहून ठेवली होती, पाठवायची राहिली होती. त्याच सकाळी काका वाचून झालेलं पुस्तक परत द्यायला आले.

"उभ्याने खातोस?"

"टेबलाशी बसवत नाही, काका. बँकॉकची कॉन्फरन्सही कॅन्सल करतोय."

ते पुस्तक हातात धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "कॅन्सल करू नकोस. जा तिकडे. तिकडे बसवेल."

मी गेलो. यादीतल्या पहिल्या जागी मोबाइलचं दुकान होतं, दुसऱ्या जागी नुसता पत्र्याचा आडोसा. म्हातारीची गाडी मात्र होती. पत्र्याचं टेबलही होतं. मी बसलो. दोन मिनिटांत गोदीच्या कपड्यातला एक माणूस काही न विचारता समोर येऊन बसला. टेबल एवढं लहान, की आमचे वाडगे एकमेकांना लागत होते. त्याने मिरच्यांची बरणी माझ्याकडे सरकवली. सूप तिखटजाळ होतं. मी वाडगा संपवला. मार्चनंतर बसून संपवलेलं ते पहिलं जेवण.

परत आलो त्या संध्याकाळी काका दारात हजर. काय खाल्लंस, हे त्यांनी विचारलंच नाही.

"समोर कोण होतं?"

"गोदीतलाच एक जण होता."

"पाणी कोणी ओतलं?"

"आधी त्याने. मग त्याचा पेला मी भरला."

"बरोबर. तिथे तशीच पद्धत आहे." ते जरा पुढे सरकले. "त्याच्या डाव्या हाताला बोटं किती होती?"

मी चमकलो. "पाचच असणार, काका. पंचविशीतला होता तो."

"हां. मग तो नव्हे. त्याला चारच होती."

ते आत येऊन खुर्चीवर बसले.

"अकरा वर्षं रोज बाराला आम्ही समोरासमोर बसलो. नाव कधी विचारलं नाही. भाषा कुठे होती? शेवटच्या दिवशी कंपनीने मला दुपारी निरोपाचं जेवण दिलं, त्या नदीकाठच्या हॉटेलात. मला निघताच येईना. आणि दुसऱ्या दिवशी विमान."

मी चहा टाकायला उठलो, तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

"त्याने माझा पेला भरून ठेवला असेल रे."