हिवाळी क्रीडा दर्शन सहकारी संस्था, उंबरदरा

कोणताही खेळ पाहायचा म्हटलं तर तीन गोष्टी लागतात: पडदा, वीज आणि टेकायला जागा. शहरातल्या माणसाचं एवढ्यावर भागतं. बीड जिल्ह्यात चौथी गोष्ट लागते, ती म्हणजे ठराव. ठरावाशिवाय पाहिलेल्या खेळाला सूचक नसतो, अनुमोदक नसतो, तो नुसता डोळ्यांचा व्यायाम. म्हणून ज्या वर्षी पाटोदा तालुक्यात पाऊस एकूण अकरा दिवस पडला (त्यातले चार दिवस फक्त ढग होते, पण मोजणाऱ्याने मोठ्या मनाने धरले) आणि कपिलधारचा धबधबा लोकांनी मोबाईलमधल्या जुन्या फोटोत पाहिला, त्याच वर्षी आमच्या उंबरदऱ्यात बर्फावरचे खेळ पाहण्यासाठी सहकारी संस्था निघाली, यात नवल काही नाही. ज्या गावाला पाणी मिळत नाही त्याने गोठलेल्या पाण्याचा तरी अभ्यास करावा, याला दूरदृष्टी म्हणतात.

संचालक अकरा. अकराही जणांनी बर्फ प्रत्यक्ष पाहिलेला. दहांनी रसवंतीवर, एकाने फ्रिजात. चेअरमन भगवानराव यांच्याकडे याआधीच दूध, मजूर, पाणीवाटप आणि मासेमारी अशा चार संस्था होत्या. (तलावात सात वर्षं मासा नाही, पण मासेमारी संस्थेची सभा एकदाही तहकूब झालेली नाही.) पाचव्या संस्थेला निमित्त घडलं ते सिदूचं.

सिदू म्हणजे सटवा आणि कडूबाईचा मुलगा. फौजेत गेला. फौजेने त्याला बर्फात टाकला आणि पायाला दोन लांब पट्ट्या बांधून पळ म्हणाली. बाकीची पोरं पहिल्याच दिवशी तोंडावर पडली, हा पडला नाही. साहेबाला आश्चर्य वाटलं. आम्हाला नाही वाटलं. वयाच्या बाराव्या वर्षापासून सिदू डोक्यावर उसाची मोळी घेऊन वीतभर रुंद फळीवरून ट्रकवर चढत होता. खाली नुसता बर्फ असेल तर ते पोरगं कशाला पडेल? असा तो वर वर जात युरोपातल्या कुठल्याशा डोंगरी देशात पोचला, तिथल्या जागतिक स्पर्धेत, पंधरा किलोमीटरला. आणि एका रविवारी त्याचा फोन आला, "माय, बुधवारी साडेपाचला माही शर्यत हाय. मोबाईलवर दिसंल. बघ."

माय त्या वेळी परदेशात होती.

परदेश म्हणजे काय हे संस्थेच्या पोटनियमात स्पष्ट आहे: जिथे आपल्या भाषेत शिवी दिली तर समोरच्याला कळत नाही, तो परदेश. त्या हिशोबाने कर्नाटकातल्या एका साखर कारखान्याच्या ऊसतोडीच्या फडावर आमचं निम्मं गाव ऑक्टोबर ते मार्च परदेशी नागरिक असतं. पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, चिखलाची वाट आणि पहाटेचा कोयता. तिथे उत्तरेश्वर मुकादम. टोळी त्याची, ट्रकची वेळ तो सांगणार, आणि संस्थेच्या परदेशस्थ शाखेचा व्यवस्थापकही तोच, कारण मोठा मोबाईल त्याच्याकडे होता.

"मुकादम, सिदूची शर्यत बघायची हाय मला," कडूबाई म्हणाली.

"बघा की मावशे. न्हाई कोन म्हनतंय? पन रीतसर बघा."

रीतसर प्रयत्नांचा अहवाल पुढीलप्रमाणे. सोमवारी उत्तरेश्वरने शेजारच्या खेड्यातून छत्री आणली, टीव्हीची, आणि सोबत टीव्हीही. ती कोपीवर बसवली आणि कोपी बसली. मग ती बैलगाडीच्या साट्याला बांधली. चित्र फार सुंदर आलं, पण बैल वैरणीकडे वळले की तामिळ भजन लागायचं. बर्फाचा खेळ मात्र कुठल्याच वाहिनीवर नव्हता. मंगळवारी मोबाईल उघडला. त्यावर चाक फिरलं, फिरलं, आणि एक वाक्य आलं: "हा कार्यक्रम तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही."

हे वाक्य वाचून फडात कोणालाही धक्का बसला नाही. डॉक्टर, एसटी, सातवीच्या पुढची शाळा आणि नळाचं पाणी यांच्याबाबत आम्ही ते तोंडी ऐकत आलो होतो. छापील स्वरूपात प्रथमच मिळालं, एवढंच.

यावर उपाय निघाला. मोबाईलमध्ये एक सोय टाकली की तो आपण फिनलंडात राहतो असं सांगतो, आणि पलीकडचे लोक त्यावर विश्वास ठेवून खेळ दाखवतात. संध्याकाळी फडावर सभा भरली. भगवानराव बीडहून फोनवर, आवाज मोठा करून. खोटं बोललं तर संस्थेवर चौकशी बसेल का, अशी शंका एका सभासदाने काढली. चेअरमनांनी ती दोन मिनिटांत मिटवली. मतदार यादीत आम्ही उंबरदऱ्यात राहतो. रेशनच्या यंत्राला आमचा अंगठा उंबरदऱ्यातच लागतो. शाळेच्या हजेरीपटावर आमची पोरं थंडीभर उंबरदऱ्यात हजर असतात, त्यातल्या दोघांना तर शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस आहे. आणि देहाने सगळे उसात. शेकडो माणसं दर वर्षी सहा महिने जे करतात, ते एका मोबाईलने तासभर केलं तर कोणाचं काय बिघडतं? ठराव क्रमांक सहा: मोबाईल फिनलंडात राहतो असे समजण्यात यावे. एकमताने मंजूर.

"तितं पानी हाय का इचारा त्याला," कडूबाईच्या शेजारच्या कोपीतली रतनबाई म्हणाली. "आसंल तर आमालाबी घिऊन जा म्हनावं." (हा विषय ऐनवेळचा असल्याने घेण्यात आला नाही.)

खरी अडचण पुढे होती, पोटनियम नऊ: एका कोयत्यास एक दर्शन. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, उसात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी बाई किंवा एकटा गडी असेल तर तो अर्धा. (जन्माला अख्खं येण्याशी याचा काही संबंध नाही.) सटवा दोन हंगामांपूर्वी मोळीसकट फळीवरून खाली आला, त्याचा गुडघा गेला, आणि तेव्हापासून तो उंबरदऱ्यात शेळ्यांजवळ असतो. तेव्हापासून कडूबाई अर्धा कोयता आहे. काम तिच्याकडून तेवढंच होतं, पण नियम कामाकडे पाहून केले तर ते नियम राहत नाहीत.

तेव्हा अर्ध्या कोयत्याला अर्धं दर्शन. आता अर्धं म्हणजे कसं? उत्तरेश्वरने सुचवलं की मोबाईलच्या उजव्या भागावर फडकं टाकावं आणि डावा भाग कडूबाईला दाखवावा. ही सूचना तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होती. परंतु खेळाडू डावीकडून उजवीकडे पळाले तर ते दर वेळी फडक्यात जातील, असं निदर्शनास आल्याने ती बाद झाली.

मग त्रिंबक उठला. फडातला दुसरा अर्धा कोयता तो. त्याची बायको माहेरी बाळंतपणाला गेली होती. "माहा अर्धा हिला जोडा ना. झाला एक. मला न्हाई बघायचं ते बर्फबिर्फ, मला इतंच थंडी वाजून ऱ्हायली."

फोनमधून भगवानराव हसले. "आबे त्रिंबका, दोन अर्धे जोडले म्हंजे कोयता होत न्हाई. लगीन लागतंय त्याला."

"सटवा जिता हाय अजून," कडूबाई म्हणाली. "गुडघा गेलाय त्याचा, कान न्हाई गेले. जपून बोला."

त्रिंबक खाली बसला. सूचना इतिवृत्तातून वगळण्यात आली.

"चेअरमनसायब," कडूबाई फोनकडे तोंड करून म्हणाली, "कळा देतानी मला कुनी अर्ध्यातून उठीवलं न्हवतं. पोरगं अख्खं काढलंय म्या. आन् बघायचं अर्धं कावून?"

"कडूबाई, भावनेचा मुद्दा वेगळा, पोटनियमाचा वेगळा. आज तुमाला अख्खं दाखवलं की उद्या समदे अर्धे उठतील. पाण्याची पाळी कशी आसती? तशी वेळेची करा. साडेपाच ते सहा एक पाळी, सहाच्या पुढं दुसरी. पहिली घेता का दुसरी?"

सगळ्यांना वाटलं, पहिली घेईल. पहिल्या पाळीत झेंडे असतात, पोरांची नावं घेतात, एकेकाचं तोंड जवळून दाखवतात.

"दुसरी," कडूबाई म्हणाली. "सुरवातीला समदेच उभे आसतेत. शेवटाला उभा ऱ्हातो का, ते बघायचंय मला."

इथे कोणीतरी शेकोटीत पाचट टाकलं, ते तडतडलं. (इतिवृत्तात याची नोंद 'टाळ्या' अशी आहे.)

बुधवारी साडेपाचलाच ट्रक आला. ट्रकला कोणत्याही देशाचं वेळापत्रक माहीत नसतं. पूर्ण कोयते पहिल्या पाळीला हक्काने बसले. मोबाईल पाण्याच्या ड्रमवर उभा, पंचावन्न सभासद त्याच्यासमोर, मागच्यांना फक्त पुढच्यांच्या माना दिसत होत्या आणि त्या त्यांनी तन्मयतेने पाहिल्या. दोघे अर्धे कोयते ट्रक भरत राहिले. त्रिंबक मोळी उचलून देई आणि कडूबाई फळीवरून चढे. ती मधोमध असताना एकदम ओरडा झाला.

"दिसला! सिदू दिसला!"

डोक्यावर मोळी असताना मान फिरवता येत नाही. ते हौसेचं काम नाही, पडायचं काम आहे. कडूबाईने मान फिरवली नाही. तिथूनच ओरडली, "कसा हाय?"

"निळी टोपी हाय!" रतनबाई ओरडली. "लई वाळलाय गं!"

कडूबाई वर गेली, मोळी टाकली, खाली आली, पुढची घेतली.

सहाला तिची पाळी लागली. हात धुऊन ती ड्रमसमोर बसली, पदर नीट केला. आठ मिनिटांत एक उंच, सोनेरी केसांचा माणूस रेषा ओलांडून आला, तिकडे घंटा वाजल्या, इकडे पूर्ण कोयत्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे ढुंगण झटकत उठले.

"आजून बाकीचे यायलेत की," कडूबाई म्हणाली.

दुसऱ्या फोनवर भगवानराव होतेच. "पहिला आला म्हंजे शर्यत संपली, कडूबाई. निवडणुकीत दुसऱ्याची वाट बघतो का आपन?" ठराव क्रमांक अकरा: स्पर्धा संपली असे समजण्यात यावे. हा ठरावही एकमताने मंजूर झाला, कारण मत द्यायला थांबलेली एकच व्यक्ती होती आणि तिचं लक्ष नव्हतं.

ती पाहत होती. फिनलंडचा बोलणारा माणूसही गप्प झाला होता. कॅमेरा रेषेवर रोखून ठेवून त्याचा मालक बहुतेक चहाला गेला असावा. एकेक जण यायचा, रेषा ओलांडायचा आणि धाडकन आडवा व्हायचा.

"चल गं, पीठ मळायचंय," रतनबाई कोपीतून म्हणाली. "संपलं ते."

"माही पाळी हाय. सहाच्या पुढची. कदी संपती ते पोटनियमात न्हाई लिव्हलेलं."

वाचकांनी नोंद घ्यावी की संस्थेच्या इतिहासात पोटनियम पूर्ण वाचलेला सभासद हा एवढाच.

मग निळी टोपी आली. रेषेच्या अलीकडच्या चढावर तो हेलकावे खात होता, डोक्यावर टोपीखेरीज काही नसताना ओझं असल्यासारखा. कडेची माणसं दोऱ्या गुंडाळत होती, फलक काढत होती. एकाने तर त्याला वाट देण्यासाठी नाखुशीने बाजूला व्हावं तसा पाय मागे घेतला. सिदू रेषा ओलांडून आला आणि तोंडावर पडला. पडला तो हलेना.

कडूबाई उभी राहिली. ओरडली नाही. फडात खचलेल्या माणसाला म्हणतात तेवढ्याच आवाजात मोबाईलला म्हणाली, "ऊठ सिदू. गाडी थांबलीया."

तो हलेना.

"ऊठ बाबा."

एक हात टेकला. मग गुडघा टेकला, धरला. मग तो उठला, पट्ट्या सोडल्या, दोन्ही काखेत मारल्या आणि चालत चित्राबाहेर गेला.

कडूबाईने मोबाईल पुसून उत्तरेश्वरला दिला. "झालं माहं. चारजिंग ऱ्हायलंय बगा थोडं." आणि आपल्या बटणाच्या फोनवरून उंबरदऱ्यात सटवाला लावला. "उभा हाय," म्हणाली. सटवा म्हणाला, "बरं." पुढे शेळ्यांच्या वैरणीबद्दल बोलणं झालं.

संस्था इथे थांबली नाही. विजेत्याचा गौरव करणे हे तिचं तिसरं उद्दिष्ट असल्याने पाटोद्याच्या बसस्टँडसमोर दहा फुटी बोर्ड लागला. मध्यभागी तो सोनेरी माणूस (संगणकावर फेटा बांधलेला), सभोवती अकरा संचालक, खाली 'हार्दिक अभिनंदन'. सिदूचाही फोटो घेणार होते, पण चेअरमनांच्या पुतण्याचा राहिला होता, तिथे जागा गेली. आठ दिवस लोक उभे राहून विचारत होते की हा नवा माणूस कोणत्या गटातून उभा आहे. दोघांनी तर त्याच्या नावे बोअरसाठी अर्जही दिला.

सध्या संस्थेने सभासद वाढवायला घेतले आहेत. ऊस तोडता येण्याची अट नाही, बर्फ पाहिलेला असण्याचीही नाही. चाचणी एकच. सिदू कितवा आला ते आम्ही वर कुठेही लिहिलेलं नाही. कडूबाईने विचारलं नाही, सटवाने विचारलं नाही, म्हणून आम्हालाही लिहायचं सुचलं नाही. आपण मात्र मघापासून तोच आकडा शोधत असाल, निदान शेवटच्या ओळीत तरी सांगतील म्हणून इथवर थांबला असाल, तर आपण पूर्ण सभासदत्वास पात्र आहात. येताना दोन फोटो आणावेत. बोर्डावर अजून थोडी जागा आहे.