लाइनवाले सर

कनेरगाव नाक्यावर कुणी ‘लाइन’ म्हटलं, की दिगंबर सर त्याला जागीच थांबवत. “कोणत्या अर्थानं म्हणलात?” असं विचारून खिशातली वही काढत. अर्थ नवा निघाला तर सांगणाऱ्याला चहा. जुना असेल तर “झालाय,” एवढंच.

सर माझे शेजारी. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. वीज, रांग हे अर्थ त्यांच्या वहीत पहिल्याच पानावर होते. “आपली लाइन वाशीमची,” म्हणणाऱ्या जीपवाल्याला चहा मिळाला. एका सोयरिकीच्या बैठकीत मुलाचा बाप म्हणाला, “पोरगं आता लाइनला लागलं.” सरांनी विचारलं, “म्हणजे नोकरी लागली, का निस्तं सुधारलं?” सोयरीक मोडली. सरांनी दोन्ही अर्थ लिहून घेतले.

“बायको घरात पडून हाय अन् हे शब्द येचून राहिले,” असं ढाब्यावर लोक बोलत. सरांना ते ऐकू जाई.

एका सकाळी आम्ही दोघं न्हाव्याकडे होतो. न्हावी दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाला, “मान हलवू नका, भांगाची लाइन वाकडी येऊन राहिली.”

सर उठले. अर्ध्या गालाला साबण, गळ्यात कापड, तसेच घराकडे पळाले.

“सर, कापड तरी ठिवा!” न्हावी ओरडला. कापड आणायला मी सरांच्या मागे गेलो.

सरांच्या पत्नी मालतीबाई खाटेवर होत्या. लकव्यानंतर त्यांच्या तोंडी एकच शब्द उरला होता: लाइन. तो म्हणत त्या डावा हात कपाळाला लावायच्या आणि कुणाला कळलं नाही की रडायच्या. सरांनी वहीतला एकेक अर्थ करून पाहिला होता. पंखा लावला, मुलीला फोन लावला, डोकेदुखीच्या गोळ्याही दिल्या.

“मालती, भांग काढू?”

त्यांनी मान डोलावली. सर फणी घेऊन बसले. त्या दिवशी तो शब्द पुन्हा ऐकू आला नाही.

थंडीत मालतीबाई गेल्या. सवाष्ण गेली म्हणून बायका मळवट भरायला बसल्या. सरांनी फणी मागितली.

“भावजी, हे बायकांचं काम हाय,” थोरली जाऊ म्हणाली.

“व्हय, वैनी. एवढी लाइन मी काढतो.”

तीनदा मोडून त्यांनी पुन्हा भांग काढला. मग दारात उभ्या माझ्याकडे पाहिलं.

“सरळ आली का?”

भांग डावीकडे झुकला होता.

“बराबर आली, सर,” मी म्हणालो.